ग्रहणातला लाल चंद्र पुसट का येतो?

प्रश्न: ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास ग्रहण. ३०० मिमी लेन्स, एफ/५.६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, साधा ट्रायपॉड. खंडग्रास टप्प्यातले फोटो कडक, पण रात्री ११ नंतरचे, म्हणजे खग्रास टप्प्यातले, २ सेकंदांचे सगळे पुसट. फोकस हलला का?

उत्तर: फोकस नाही, चंद्रच सरकला. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फिरतं. ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर २ सेकंदांत जवळपास ११ पिक्सेल! आयएसओ ३२०० आणि अर्धा सेकंद, उजेड तेवढाच. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो, फराटा नाही.

दुसरं उत्तर: लेन्सचं स्टॅबिलायझेशनही (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा, टायमर लावा. शिवाय सप्टेंबरच्या दमट हवेत काचेवर दव धरतं. त्यानेही फोटो पुसट येतो, पण फराट्यासारखा नाही, धुकट.

प्रश्नकर्ता: ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) घेतला तर?

उत्तर: मग २ सेकंद खुशाल. वेग मात्र ताऱ्यांचा नको, चंद्राचा.