घरच्या लिनक्सवर अँटीव्हायरस नको, असं माझं मत आहे. तुमचं?

कातळसडा
ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ न पेलणारे कितीतरी जुने लॅपटॉप मिंट-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर आले. नात्यातल्या काही घरांत मीच मिंट बसवून दिलं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच : अँटीव्हायरस कोणता घ्यायचा? माझं उत्तर : घरगुती वापराला कोणताच नको.

विंडोजवर आपण प्रोग्रॅम गूगलवर शोधतो आणि मिळेल तिथून उतरवतो. मिंटवर तो सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, म्हणजे मिंटच्या स्वतःच्या भांडारातून येतो. तिथल्या पॅकेजांच्या (बसवायला तयार प्रोग्रॅमच्या) यादीवर डिजिटल सही असते आणि प्रत्येक अपडेटच्या वेळी ती पडताळली जाते. व्हायरस घरात शिरायचा सगळ्यात रुळलेला रस्ता इथेच बंद होतो.

आणि टाकायचाच म्हटला तर टाकणार काय? सगळे क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसचं नाव घेतात. त्याचं मुख्य काम मेल सर्व्हरवर येणारी पत्रं तपासणं. नुसता बसवला म्हणून तो पहारा देत नाही. सांगाल तेव्हा, सांगाल तो फोल्डर तपासतो. सततच्या पहाऱ्याची सोय वेगळी चालू करावी लागते आणि त्यासाठी एक जीबीहून जास्त मेमरी अडकते. चार जीबीच्या लॅपटॉपला हे झेपत नाही. शिवाय फाइल तपासायची तर ती वाचावी लागते, आणि वाचणाऱ्या कोडमध्येही भोकं असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्हीतच असं भोक सापडलं : मुद्दाम बिघडवलेली एचएफएस प्लस (ॲपलच्या जुन्या पद्धतीच्या) डिस्कची फाइल तपासायला घेतली की हल्लेखोराचा कोड चालू शकत होता.

उंबरठा
पूर्ण असहमत. फ्री डाउनलोड मॅनेजर या फाइली उतरवायच्या प्रोग्रॅमचं प्रकरण विसरलात का? २०२० ते २०२२ या काळात त्यांच्या अधिकृत साइटवरून काही लिनक्स वापरणाऱ्यांना परस्पर दुसऱ्याच पत्त्यावर वळवलं जात होतं आणि तिथून मिळणाऱ्या डेब फाइलमध्ये (मिंट-उबुंटूवर प्रोग्रॅम बसवायची फाइल) चोर होता. साठवलेले पासवर्ड, ब्राउझिंगचा इतिहास, क्रिप्टो वॉलेटच्या फाइली, सगळं बाहेर जात होतं. कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीनं हे सप्टेंबर २०२३ मध्ये उघड केलं. मधल्या काळात लोक इंटरनेटवर विचारत होते, की हा प्रोग्रॅम टाकल्यापासून ही क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीची) भानगड काय आहे? आत काय आहे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि त्यातल्या बॅकडोअरचे (चोरदरवाजाचे) नमुने २०१३ पासून माहीत होते! म्हणजे साधा स्कॅनर असता तरी पकडला जाण्याची शक्यता होती.

दुसरं, "रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड दिल्याशिवाय काही होत नाही" या समजाचा मला मनापासून राग येतो. घरच्या माणसाचं मोलाचं सगळं होम फोल्डरमध्ये असतं. बँकेची स्टेटमेंटं, आधारची पीडीएफ, मुलांचे फोटो, फायरफॉक्समधले पासवर्ड. ते वाचायला आणि पाठवायला रूट लागतच नाही. ऑटोस्टार्टमध्ये (लॉगिनबरोबर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये) एक छोटी फाइल टाकली की लॉगिन केल्यावर दरवेळी चोर हजर.

कातळसडा
होम फोल्डरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण ती डेब फाइल साइटवरून घेतलेली होती, भांडारातून नव्हे. माझा मुद्दा तोच आहे.

उंबरठा
तुम्ही बसवून दिलेल्या घरांत क्रोम कुठून आलं? झूम? साइटवरून डेब उतरवूनच ना? घरचा माणूस भांडारापुरता थांबतो हे गृहीत धरूनच तुमचं सगळं मत उभं आहे.

कातळसडा
क्रोम हो, गूगलच्या साइटवरून. पण एकदा बसलं की ते गूगलचं स्वतःचं सही केलेलं भांडार जोडून घेतं आणि पुढचे अपडेट तिथून येतात. झूम मी ब्राउझरमध्येच वापरायला सांगतो.

मुळाकाठ
दोघांचं वाचलं. भांडारावरचा विश्वास जरा जपून ठेवा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर निघालं. प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास कमावलेल्या माणसानंच ते घातलं होतं. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी, कारण एसएसएचच्या (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या सोयीच्या) लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय हे त्यांना खटकलं. ते डेबियनच्या अस्थिर शाखेत आणि ओपनसुसे टम्बलवीडमध्ये, म्हणजे सतत नवं देणाऱ्या लिनक्समध्ये, पोचलंही होतं. मिंट वापरणारे वाचले, कारण मिंटमध्ये जुनी, मुरलेली पॅकेजं येतात. म्हणून आईवडिलांच्या लॅपटॉपवर रोज नवं देणारं वितरण (लिनक्सचा प्रकार) टाकू नका, हे मी कळकळीनं सांगतो. आर्च लिनक्सचं एयूआर, म्हणजे वापरणाऱ्यांनीच पॅकेजं ठेवायचं भांडार, तर मुळीच नको. जुलै २०२५ मध्ये तिथे फायरफॉक्सची सुधारित आवृत्ती म्हणून ठेवलेल्या पॅकेजमधून केऑस रॅट हे दुरून संगणकाचा ताबा घेणारं हत्यार येत होतं.

उंबरठा
आणि सरकारी कचेऱ्यांवरचे हल्ले? ऑगस्ट २०२५ मध्ये एपीटी ३६ या हेर हॅकरांच्या टोळीचा प्रकार समोर आला. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स वापरणाऱ्यांना मेलमधून झिप, आत पीडीएफसारखी दिसणारी डॉट डेस्कटॉप फाइल (लिनक्सवरचा प्रोग्रॅम चालवणारा शॉर्टकट). उघडली की समोर खरोखरच कागद दिसतो आणि मागून भलताच प्रोग्रॅम उतरतो. आज कचेरीत, उद्या वीजबिलाच्या नावानं घरी.

कातळसडा
ती पाळी येऊ शकते, मान्य. पण नव्यानं रचलेली फाइल अँटीव्हायरसकडच्या माहीत व्हायरसांच्या ओळखखुणांच्या यादीत नसते, तेव्हा क्लॅमएव्हीला ती दिसेलच याची खात्री कोण देणार?

जांभूळपाडा
माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. शॉर्टकट व्हायरस अजून गेलेला नाही, फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात आणि माणूस घाबरतो. दुकानात उबुंटू आहे, त्याला काही होत नाही. पण मी तपासला नाही तर तोच पेनड्राइव्ह पुढे कुणाच्या तरी विंडोजवर जाणार. म्हणून मी क्लॅमएव्ही ठेवलाय. पहाऱ्यावर नाही, पेनड्राइव्ह लागला की उजवी टिचकी मारून तपासतो. गिऱ्हाइकाच्या फाइली आपल्याकडून खराब होऊन जाऊ नयेत, एवढंच. घरीसुद्धा ज्यांचे पेनड्राइव्ह बाहेर फिरतात त्यांनी हे करावं.

उंबरठा
जांभूळपाडा, हे पटलं. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) वापरणाऱ्यांनाही हेच सांगेन. वाइनमध्ये उघडलेली ईएक्सई फाइल तुमच्याच परवानगीनं चालते आणि वाइननं जोडलेल्या झेड ड्राइव्हमधून तिला तुमचं होम फोल्डर दिसतं. खंडणीवाला प्रोग्रॅम तिथूनही फाइली कुलूपबंद करू शकतो.

सावली_सातारा
माझी आई मिंट वापरते. "तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत" अशा सूचना कोपऱ्यात सारख्या येतात. ती रडवेली होऊन फोन करते. आता अँटीव्हायरस टाकू की नको?

मुळाकाठ
ताई, तो व्हायरस नाही. कुठल्यातरी साइटनं सूचना पाठवायची परवानगी मागितली आणि आईंनी "अलाऊ" दाबलं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीत जा, नोटिफिकेशन्सच्या यादीतून ती साइट काढा आणि नव्या परवानग्या मागणंच बंद करून टाका. त्याच बसणीत युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. आणि आईंना एवढं जरूर सांगा : त्या सूचनेत फोन नंबर दिसला तर लावायचा नाही, आधी तुम्हाला फोन करायचा.

उंबरठा
आणि बॅकअप, ताई. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवायची. या एका बाबतीत तरी कातळसडा आणि माझं भांडण नाही.