मिनी पीसी की मोठा टॉवर? एकदाचं भांडून घेऊ

अर्धं_टेबल
जुना टॉवर बदलायचाय आणि माझा कल मिनी पीसीकडे आहे. म्हणजे ते लिटरभर आकाराचे डबे, लेनोवोचं टायनी, डेलचं मायक्रो, एचपीचं मिनी, नाहीतर मॅक मिनी. काम म्हणाल तर ब्राउझरमधे ढीगभर टॅब, एक्सेल, अधूनमधून फोटो एडिटिंग आणि मुलीचं कोडिंग. गेम नाही. मला मोठ्या कॅबिनेटचं प्रयोजनच कळत नाही, माझं उघडलं तर हार्डडिस्कचे खण रिकामे, डीव्हीडीचा खण रिकामा, ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी, नुसती हवा आणि धूळ, आणि त्या हवेसाठी मी इतकी वर्षं पाय आखडून बसलोय. विरोधात बोलायचं त्यांनी खुशाल बोला, फक्त 'परफॉर्मन्स मिळत नाही' असं मोघम नको, कुठे मिळत नाही ते सांगा.

स्क्रू_ढिला
सांगतो की. ती जी हवा म्हणताय ना, तीच कामाची असते. मिनीत बहुतेक वेळा लॅपटॉपचा प्रोसेसर, नाहीतर 35 वॉटचा डेस्कटॉपवाला. सुरुवातीला तो जोरात पळतो, त्यामुळे अ‍ॅप पटकन उघडतं, छोटी टेस्ट मारली तर आकडा मस्त येतो आणि माणूस खूश. मग तुम्ही पाचशे फोटो एक्सपोर्टला लावता, हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, असतो एवढासा, तो तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि शेवटपर्यंत रखडत राहतो. शिवाय आवाज. मोठ्यातला 120 मिलिमीटरचा पंखा संथ फिरूनही भरपूर हवा ढकलतो, मिनीतल्या चिमुकल्याला तेवढ्याच हवेसाठी जिवाच्या आकांताने फिरावं लागतं आणि तो किर्र आवाज डोक्यात जातो. त्यात टॉवर निदान पायाशी असतो, हे बेणं टेबलावर, थेट कानासमोर.

निवांत_बसू_द्या
अहो पण पाचशे फोटो रोज कोण एक्सपोर्ट करतंय? एक्सेल नि ब्राउझरला पंखा ऐकूसुद्धा येत नाही, आणि इंटेल एन100 सारख्या 6 वॉटवाल्या प्रोसेसरची तर बिनपंख्याची मशीनंही मिळतात. माझा मिनी मॉनिटरच्या पाठीवर आहे, मागे चार स्क्रूंची भोकं असतात बघा, 100 बाय 100 मिलिमीटरच्या चौकोनात, तिथे पट्टी बसवली की टेबलावर फक्त कीबोर्ड आणि माउस. आणि वीज? मिनी नुसता चालू असताना 8-10 वॉट खातो, टॉवर 50-60. रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस धरा, 50 वॉटच्या फरकाने 120 युनिट वाचतात. वीज गेली तरी छोट्या यूपीएसवर मिनी बराच वेळ तग धरतो, टॉवरला तेवढ्यात जेमतेम फाइल सेव्ह करता येते.

स्क्रू_ढिला
हिशोब सोयीचा मांडलात. 50-60 वॉट वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तेव्हा. धागाकर्त्याला कार्ड नकोच आहे, मग आजचा टॉवरही नुसता चालू असताना साधारण 30 वॉटवर बसतो. म्हणजे फरक 20 वॉटचा, वर्षाला 48 युनिट. यूपीएसचं मात्र मान्य, तिथे मिनीच.

वायरींचा_गुंता
मी मिनी वापरते आणि मला आवडतो, तरी तक्रार आहे, जी कुठल्याच रिव्ह्यूत दिसली नाही. वायरलेस माउस मधेच अडखळायचा, सेल बदलले, माउस बदलला, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की यूएसबी 3 चालू असलं की 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा कचरा सोडतं आणि माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं ते इवलंसं रिसीव्हर, त्याच फ्रीक्वेन्सीवर बोलतो. मोठ्या कॅबिनेटला पोर्ट लांब लांब असतात, इथे एकाला एक खेटून, माझी बाहेरची हार्डडिस्क डोंगलच्या शेजारीच लावलेली. डोंगल हातभर एक्स्टेंशन केबलवर पुढे आणला आणि माउस सरळ झाला. पण झालं काय, आटोपशीर मशीन घेतलं आणि वायरी वाढल्या. बाहेरची डिस्क, यूएसबी हब, डोंगलची केबल, वर तो पॉवरचा ठोकळा, म्हणजे अडॅप्टर, तो तर फोटोत दाखवतच नाहीत. काहींचा ठोकळा मशीनच्या निम्मा असतो हो!

निवांत_बसू_द्या
ताई, मॅक मिनीत पॉवर सप्लाय आतच असतो. 2024 चा तर 12.7 सेंटीमीटर चौकोनी आणि 5 सेंटीमीटर उंच, तरीही आतच.

वायरींचा_गुंता
हो, आणि पॉवरचं बटण तळाला, उचलून दाबा.

जुना_पाना
वेग नि आवाज राहू द्या बाजूला, मी दुरुस्तीच्या बाजूने बोलतो. टॉवरचा सप्लाय उडाला तर कुठल्याही कंपनीचा आणून बसवा, एटीएक्सची, म्हणजे टॉवरच्या भागांची ठरलेली, मापं 1995 पासून चालत आलीत. मिनीचा मदरबोर्ड गेला की संपलं, तो त्याच मॉडेलचा लागतो, तो बंद झाला असेल तर शोधत बसा. ठोकळ्याचं पण तेच, काही मशीनं दुसरा ठोकळा ओळखतात आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात, लोक म्हणतात व्हायरस आला. इंटेलनं स्वतः नक नावाचे मिनी काढले, चांगले होते, 2023 मधे अंग काढून घेतलं आणि ते आसूसकडे गेले. आणि मॅक मिनी, 2018 च्या मॉडेलमधे खटपट करून का होईना रॅम बदलता यायची, 2020 च्या एम1 पासून ती चिपच्या पॅकेजातच, आज घ्याल तेवढीच जन्मभर. वस्तू आपली असून उघडता येत नाही हे मला पटत नाही, माझा स्वभावच तसा म्हणा.

अर्धं_टेबल
पानासाहेब, मुद्दा वजनदार आहे. पण प्रामाणिकपणे विचारतो, टॉवर उघडून भाग बदलतं कोण? तुम्ही बदलत असाल. माझ्या टॉवरमधे इतक्या वर्षांत रॅमची एक पट्टी आणि एक एसएसडी पडली, बस. ते दोन्ही मिनीतही होतं, टायनी-मायक्रो जातीच्या बऱ्याच मशीनात लॅपटॉपच्या रॅमचे दोन स्लॉट नि एसएसडीसाठी एम.2 ची जागा असते, झाकण एका स्क्रूवर. प्रोसेसर बदलायचा म्हटलं की टॉवरलाही सॉकेट जुळत नाही, मदरबोर्ड आला, रॅमही वेगळी आली, शेवटी उरतो काय तर पत्र्याचा डबा.

जुना_पाना
डबा, सप्लाय, पंखे, डिस्का. बरंच उरतं.

अधलं_मधलं
दोघांच्या मधलं सुचवतो, मिनी-आयटीएक्स. 17 सेंटीमीटर चौकोनी मदरबोर्ड, व्हिया कंपनीने 2001 मधे काढलेलं माप, प्रोसेसर खरा डेस्कटॉपचा, दहा लिटरच्या केसमधे ग्राफिक्स कार्डसुद्धा बसतं. सगळं बदलता येतं. फक्त जुळवताना बोटं सोलून निघतात, कूलर 2 मिलिमीटरने उंच निघाला की केसचं झाकण लागत नाही, आणि छोटा म्हणून बऱ्याच भागांना मोठ्यापेक्षा जास्त मोजावं लागतं.

स्क्रू_ढिला
म्हणजे दोन्हीकडचा त्रास एकत्र. एवढं करण्यापेक्षा सरळ लॅपटॉप घ्या की, आतला माल तोच.

निवांत_बसू_द्या
लॅपटॉप कायम चार्जिंगला लावून टेबलावर ठेवला की काही वर्षांनी बॅटरी फुगून टचपॅड वर येतं, ते कोण निस्तरणार? मिनीत बॅटरीच नाही.

वायरींचा_गुंता
अर्धं_टेबल, ऑफिसातून निघालेले जुने मिनी बघणार असाल तर प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. सहाव्या-सातव्या पिढीचे मिनी स्वस्तात काढतात ते त्यामुळेच. लिनक्स टाकणार असाल तर बिनधास्त घ्या.

अर्धं_टेबल
लिनक्स मुलगी टाकेल, मी नाही. बारावी-तेरावी पिढी, दोन रॅम स्लॉट आणि 35 वॉटवाला डेस्कटॉप प्रोसेसर असं बघतोय. ग्राफिक्स कार्ड पुढे लागलंच तर थंडरबोल्टवर, म्हणजे त्या वेगवान पोर्टवर, बाहेरून जोडता येतं म्हणे.

स्क्रू_ढिला
येतं, पण त्या मशीनला थंडरबोल्ट आहे का ते आधी बघा, या ऑफिसवाल्या डब्यांत बहुतेकदा नसतं. आणि असलं तरी कार्डाचं ते बाहेरचं घर केवढं असतं ठाऊक आहे का? तुमच्या मिनीच्या कितीतरी पट. ते ठेवाल कुठे, पायाशीच ना!