संग्रहालयाच्या दुकानात कोणती पुस्तकं ठेवावीत?

कोपऱ्यातलं कपाट विचारते:

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या संग्रहालयात वस्तूंच्या नोंदणीचं काम करते. आमचं दुकान बघणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि "तुला वाचायची आवड आहे ना" एवढ्या भांडवलावर किल्ल्या माझ्या हातात आल्या. कप, पिशव्या, फ्रिजला चिकटवायची चित्रं हे सगळं जमतंय. पुस्तकांपाशी गाडी अडली आहे.

जागा म्हणजे एक भिंत, पाच फळ्या. संग्रहात नाणी, जुनी वस्त्रं, दगडी मूर्ती आणि तळमजल्यावर देवमाशाचा सांगाडा. सध्या फळ्यांवर आमच्याच एका जुन्या परिसंवादातल्या निबंधांचे गठ्ठे आहेत (माझ्या हातून एकही प्रत खपलेली नाही), दोन्ही हातांनी उचलावा लागणारा एक चित्रग्रंथ आहे, आणि मुलांसाठी सिंह-जिराफांची रंगवायची पुस्तकं. आमच्याकडे सिंह नाही आणि जिराफही नाही. वितरकानं चारशे नावांची यादी पाठवली आहे. सुरुवात कुठून करू?

गल्ल्यामागचा म्हणतो:

ताई, ती यादी आधी मिटून ठेवा. मी अकरा वर्षं असाच गल्ला सांभाळला. पहिली दोन वर्षं यादीवरूनच मागवत होतो, म्हणून सांगतो.

एक वही घ्या आणि आठवडाभर रोज अर्धा तास दालनांत जाऊन उभ्या राहा. लोक काय विचारतात ते जसंच्या तसं उतरवा, तुमच्या शुद्ध भाषेत नको. तुम्हाला उभं राहणं जमत नसेल तर दालनातल्या रखवालदारांना विचारा. दिवसभर कान त्यांचेच उघडे असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

आमच्याकडेही देवमाशाचा सांगाडा होता. मी मोठ्या हौसेनं समुद्री जीवांवरची तीन देखणी पुस्तकं मागवली. दीड वर्ष धूळ खात पडली. शेवटी तिथला रखवालदार म्हणाला, "साहेब, पोरं एकच विचारतात. मागं तारेनं टांगलेली ती दोन बारकी हाडं कसली? ती कशालाच जोडलेली नाहीत." ती कमरेची हाडं. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर जमिनीवर चालायचे, त्याची ती उरलेली खूण. माझ्या तिन्ही पुस्तकांत त्या हाडांबद्दल अक्षर नव्हतं! पुढे मुलांसाठी लिहिलेलं उत्क्रांतीवरचं एक पातळसं पुस्तक सापडलं, त्यात आकृती काढून समजावलेलं होतं. मुखपृष्ठ अगदी कुरूप. तरी ते मी वीस-वीस प्रतींनी मागवत राहिलो.

तेव्हापासून माझी रीत ठरली. नमुना प्रत हातात आली की सूची उघडायची आणि आपल्या दालनातल्या तीन वस्तू शोधायच्या. एकही सापडली नाही तर पुस्तक कितीही चांगलं असो, ते दुसऱ्या कुणाच्या दुकानासाठी आहे. तुमचे सिंह-जिराफ त्यातलेच.

व्यवहाराचं थोडक्यात. नवं नाव असेल तर परतीच्या बोलीवरच घ्या, चार-पाच प्रती. एकदम पक्की खरेदी केली तर सवलत जास्त मिळते आणि त्याच मोहात माणूस फसतो. परतीची मुदत चलनावर लिहून घ्या. चाळण्यासाठी एक प्रत उघडी ठेवायची, पण ती मळणार आणि मळलेली प्रत कुणी परत घेत नाही, तेव्हा ती आपल्या खर्चात धरा. शक्य तेवढी पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून लावा. नुसते कणे दिसणारी फळी लोकांना ग्रंथालयातली वाटते आणि ते हात लावत नाहीत. आणि खिडकीतलं ऊन! शाईतले लाल-पिवळे रंग आधी उडतात. माझी एक अख्खी ओळ अशी निळी पडली होती, ती वितरकानं अर्थातच नाकारली.

तळघरातला क्युरेटर म्हणतो:

वरच्यांशी सहमत. फक्त नाण्यांबाबत सावध राहा. तुमच्या वहीत पहिल्याच दिवशी येईल, "माझ्याकडे असलंच नाणं आहे, किती मिळतील?" आणि नाण्यांच्या बाजारभावाची पुस्तकं हातोहात खपतात. आम्ही ती ठेवत नाही. आयकॉम या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, २००४ साली सुधारलेल्या आचारसंहितेनुसार बाहेरच्या वस्तूच्या किमतीबद्दल संग्रहालयाच्या लोकांनी मत द्यायचं ते फक्त दुसऱ्या संग्रहालयानं किंवा अधिकृत यंत्रणेनं रीतसर मागितलं तर. मग आमच्याच गल्ल्यावर भावांचं पुस्तक असलं की लोकांना वाटतं, हा संग्रहालयाचा भाव. नाणी पाडायची कशी, कडेला खाचा का असतात (कडा तासून धातू चोरणाऱ्यांना आळा घालायला), हे सांगणारं पुस्तक ठेवा.

आणि मागवण्याआधी तुमच्या क्युरेटरला तासभर चाळायला द्या. आमच्या दुकानात एका पुस्तकात मूर्तीचं छायाचित्र उलटं छापलेलं होतं, डावा हात उजवीकडे. एका शाळकरी मुलीनं ते पुस्तक दालनात नेऊन मूर्तीसमोर धरलं आणि आम्हाला बोलावून दाखवलं.

रविवारचा पाहुणा म्हणतो:

मी नुसतं गिऱ्हाईक. दोन तास चालून पाय मोडल्यावर मी दुकानात शिरतो, तेव्हा जाड ग्रंथ बघून आधी खांदा दुखतो. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, परतीच्या प्रवासात वाचून संपेल असं काही ठेवा ना. आणि मला आवडलेली वस्तू त्यात असली पाहिजे. नेहमी तीच नसते.

कोपऱ्यातलं कपाट म्हणते:

सगळ्यांचे आभार. चार दिवस वही घेऊन उभी राहिले. भावाचा प्रश्न खरंच पहिल्याच दिवशी, पहिल्या तासात आला! पण मला चकित केलं वस्त्रांच्या दालनानं. मला वाटलं होतं लोक नक्षी, विणकाम, राजेरजवाडे विचारतील. ते विचारतात, "इथे एवढा अंधार का?" उजेडानं धाग्याची झालेली हानी भरून येत नाही, साठत जाते, म्हणून ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर दिवे नेत नाही, असं मी सांगते. त्यावर लगेच पुढचं, "मग आजीचं लुगडं घरी कसं ठेवू?" सोळा जणांनी विचारलं, मी मोजलं. जुनी वस्त्रं घरी जपण्यावर साध्या भाषेतलं पुस्तक वितरकाच्या चारशे नावांत एकही नाही.

आणि त्या परिसंवादाच्या गठ्ठ्यांचं काय करू? तीन फळ्या त्यांनीच अडवल्या आहेत.

गल्ल्यामागचा म्हणतो:

सोळा जण म्हणजे पुस्तकच झालं. मिळत नसेल तर तुमच्या वस्त्रं जपणाऱ्या माणसाला आठ पानं लिहायला बसवा आणि थोड्याच प्रती छापून बघा. पाहुण्यांना हवं ते पोस्टकार्डाएवढं पुस्तक तेच. आतली छायाचित्रं मात्र तुमच्याच दालनातली घ्या.

गठ्ठ्यांतल्या दोन प्रती फळीवर राहू द्या, वर्षातून एक अभ्यासक येतोच. बाकीच्या ग्रंथालयांना भेट द्या. पण त्याआधी साठ्याच्या वहीत त्या कशा चढवल्यात ते बघा आणि वरिष्ठांची सही घ्या. नाहीतर वर्षअखेरच्या मोजणीत दीडशे प्रती कमी भरतील, आणि किल्ल्या तुमच्याकडे आहेत.