मदत हवी आहे: पाच हँडच्या व्हिडिओ पोकरमध्ये १२ पट बोनस लागला, पण पैसे मिळालेच नाहीत

फिनिक्सकर
लोकहो, मागच्या शनिवारी व्हेगासला होतो. पाच हँडचं मशीन (एका डावात पाच ओळी खेळायच्या), जॅक्स ऑर बेटर (गुलामाच्या किंवा वरच्या जोडीपासून पुढे बक्षीस), कॉइनला २५ सेंटवालं. एका डावात फुल हाऊस (तीन सारखी, दोन सारखी पानं) लागलं आणि बाजूला १२ पट असं चमकायला लागलं, आणि पुढच्याच डावात चार सत्त्या!! १२५ कॉइनचे १२ पट म्हणजे १५०० कॉइन, ३७५ डॉलर व्हायला हवे होते ना? मिळाले ३१.२५. अटेंडंटला बोलावलं तर तो स्क्रीनकडे बघून 'बरोबर आहे' म्हणाला आणि निघून गेला. तक्रार कुठे करायची? फोटो आहे माझ्याकडे. पटकन सांगा प्लीज.

इस्पिकची_राणी
मशीनवर नाव काय होतं? बोनस प्रत्येकाचा वेगळा असतो. एका हँडला किती कॉइन लागत होते, ५, ६ की १०?

जुना_सभासद
बोनस पोकरमध्ये चार एक्के आले तर एका कॉइनला ८०, दुर्री तिर्री चौरीचे चार आले तर ४०, आणि पंजीपासून राजापर्यंत २५. सत्तीला २५ च. त्यामुळे तुम्हाला बरोबरच पैसे मिळाले.

फिनिक्सकर
अहो मी बोनस पोकर खेळतच नव्हतो, जॅक्स ऑर बेटर लिहिलंय की वर. मी १२ पटाचं विचारतोय.

मांडवीकाठचा
मशीनच्या नादी लागूच नका राव. पणजीला या, बोटीवर टेबलाशी बसा, डीलर डोळ्यांसमोर पानं वाटतो. मशीनला कळतं कोण किती जिंकलंय, मग ते आवळतं.

आकडेमोड
@मांडवीकाठचा, व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात असं चालत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे मशीनवर पत्ते दाखवले तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटाइतकीच लागते. पाच हँडच्या मशीनमध्ये पहिली पाच पानं सगळ्यांना सारखी, तुम्ही धरलेली पानं पाचही ओळींत जातात आणि मग प्रत्येक ओळ आपापल्या उरलेल्या ४७ पानांतून ओढते. आवळणं वगैरे काही नाही. फायदा-तोटा पे टेबलवर, म्हणजे कशाला किती बक्षीस त्या तक्त्यावर ठरतो, एका कॉइनला फुल हाऊसचे ९ आणि फ्लशचे (पाचही पानं एकाच रंगाची, उदा. सगळी इस्पिक) ६ असतील तर नीट खेळून ९९.५४ टक्के परत येतात, ८ आणि ५ असेल तर ९७.३० च.

मांडवीकाठचा
कागदावर सगळं बरोबरच असतं हो. माझा मेहुणा चार तास बसला होता, एक स्ट्रेट नाही आला त्याला.

तळेगावची_मावशी
बाळांनो, जिंकलं हरलं त्याचा हिशोब सोडा. माझ्या भाच्याने मोबाइलवर रमी खेळून बायकोचे दागिने गहाण टाकले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हा मी देवाला नारळ फोडला. तिकडे परदेशात तरी जपून राहा रे.

तीन_पानी
हे सुपर टाइम्स पे असणार, मी डोळे झाकून सांगतो. ५ ऐवजी ६ कॉइन लावायचे, साधारण १५ डावांत एकदा डावाच्या सुरुवातीलाच पट येतो, सरासरी चारच्या आसपास, आणि तो सगळ्या हँडना लागतो. मीपण तेच खेळतो, सगळ्यात सोपं. १२ पट बहुतेक तुम्ही नीट वाचलं नाही.

फिनिक्सकर
सुपर टाइम्स पे मागच्या वेळी खेळलोय, म्हणून तर मला वाटलं पट सगळ्यांना लागतो. पण हे ते नव्हतं. १० कॉइन लागत होते एका हँडला, डावाला साडेबारा डॉलर. आणि १२ च होतं, मला काय आकडे वाचता येत नाहीत का.

इस्पिकची_राणी
१० कॉइन म्हणजे अल्टिमेट एक्स. हे आधी सांगायचं ना! त्यात १० पैकी ५ कॉइनवर बक्षीस मिळतं, उरलेले ५ फक्त पुढच्या डावाचा पट विकत घ्यायला. आणि पट ज्या ओळीत जिंकलात त्याच ओळीला, पुढच्या एकाच डावापुरता. फोटो नीट बघा, १२ कुठल्या ओळीला होतं आणि चार सत्त्या कुठल्या ओळीत आल्या?

फिनिक्सकर
बघितलं. १२ खालून दुसऱ्या ओळीला. सत्त्या सगळ्यात वर. वरच्या ओळीशेजारी काहीच नाही, आधीच्या डावात पंज्यांच्या जोडीवर तिला काहीच आलं नव्हतं. डीलमध्येच तीन सत्त्या आल्या होत्या, त्या धरल्या.

आकडेमोड
मग पाचही ओळींत निदान तीन सत्त्या होत्या. १२ पटाच्या ओळीत तीन सत्त्यांचे १५ कॉइन, गुणिले १२, म्हणजे १८० कॉइन, ४५ डॉलर. चार सत्त्यांपेक्षा जास्त त्या ओळीने दिले! तुमचं लक्ष वरच्या ओळीवर होतं.

फिनिक्सकर
हो रे देवा. क्रेडिट एकदम वाढलं होतं, ते मी सत्त्यांचंच धरलं. चिडून कॅश आऊट मारलं आणि उठलो, बायको जेवायला बोलावत होती.

इस्पिकची_राणी
थांबा. उठलात तेव्हा पाचही ओळी जिंकलेल्या होत्या? म्हणजे पाचही ओळींवर पट बसलेले होते, तुम्ही पैसे भरून घेतलेले! कॅश आऊट केलं तरी ते मशीनवरच राहतात.

फिनिक्सकर
...निळी टोपीवाला एक माणूस मागे केव्हापासून उभा होता. मी खुर्ची सोडली तसा बसला, एक डाव खेळला आणि लगेच उठून दुसऱ्या मशीनकडे गेला. मला वाटलं कंटाळला असेल.

इस्पिकची_राणी
तुमचे पट वापरून गेला तो. अशी माणसं दिवसभर फिरत असतात, वेगवेगळं डिनॉमिनेशन (कॉइनची किंमत) दाबून कोणी पट सोडलेत का बघतात, कारण डिनॉमिनेशन बदललं की आधीचे तिथेच साठून राहतात. उठायच्या आधी शेवटचा डाव हँडला ५ च कॉइन लावून खेळायचा, असलेले पट लागतात आणि नवीन विकत घ्यावे लागत नाहीत.

तीन_पानी
म्हणूनच म्हणतो सुपर टाइम्स पे खेळा, मागे ठेवून जायला काही उरतच नाही.

फिनिक्सकर
तक्रार रद्द. आणि त्या अटेंडंटवर उगाच ओरडलो मी, दिवाळीत परत जातोय, दिसला तर सॉरी म्हणेन.