छद्मावरण, मायावरण आणि तोतया रणगाडा

रणगाड्यांच्या 'कॅमुफ्लाज'साठी, म्हणजे ते शत्रूच्या नजरेला ओळखू येऊ नयेत यासाठी केलेल्या उपायांसाठी, मराठीत 'छद्मावरण' आणि 'मायावरण' असे दोन शब्द सुचवले गेले आहेत. दोन्ही चांगले आहेत. मात्र ते एकाच अर्थाने वापरावेत, हे मला पटत नाही.

झाडाखाली उभ्या केलेल्या रणगाड्यावर रंगीत चिंध्या गुंफलेली जाळी ताणली, की त्याच्या सरळ कडा आणि गडद सावली मोडते व तो झुडपांत बेमालूम मिसळतो. चाकपट्ट्यांनी मागे उमटवलेला माग तेवढा पुसावा लागतो, कारण विमानातून पाहणाऱ्याला तोच आधी दिसतो. यात सोंग कसलेच नाही, नुसते दडणे आहे.

इजिप्तमधील एल अलामेन येथे १९४२ च्या ऑक्टोबरातील लढाईपूर्वी ब्रिटिशांनी केले ते निराळे होते. उघड्या वाळवंटात आडोसा कोठून मिळणार? म्हणून त्यांनी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून 'सनशील्ड' नावाचे आच्छादन तयार केले. त्याचे दोन अर्धे भाग रणगाड्यावर दोन्ही बाजूंनी बसवले, की आकाशातून पाहणाऱ्याला मालट्रकच दिसे. ठरलेल्या जागी ट्रक आधीपासून उभे होते, त्यामुळे रात्रीतून त्यांच्या जागी रणगाडे आले तरी जर्मन टेहळणीला काही बदलल्याचे जाणवू नये, अशी योजना होती. 'छद्म' म्हणजे कपट, बनावट रूप. 'छद्मवेश' आपल्या ओळखीचाच आहे. तेव्हा 'छद्मावरण' हा शब्द या सनशील्डला चपखल बसतो, जाळीला नाही. 'कॅमुफ्लाज' ज्यापासून आला त्या मूळ फ्रेंच क्रियापदातही वेशांतराचाच अर्थ आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

रणगाडे हलवल्यावर त्यांच्या जुन्या जागी खोटे रणगाडे ठेवले गेले. त्यांना 'बुजगावणे' म्हणू नये, कारण बुजगावणे पाखरांना दूर ठेवते, तर येथे शत्रूची नजर तेथेच खिळवून ठेवायची होती. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या माणसाला मराठीने 'तोतया' म्हटले. 'तोतया रणगाडा' म्हटले तर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

या साऱ्या प्रकारांना मिळून एक नाव हवे असेल, तर दृष्टिभ्रम सुचवणारे 'मायावरण' ठेवावे. क्रियापद मात्र साधे असावे: 'रणगाड्यांचे छद्मावरण करण्यात आले' यापेक्षा 'रणगाडे जाळीखाली दडवले' किंवा 'रणगाड्यांना ट्रकचे रूप दिले' असे लिहिल्यास नेमके काय घडले तेही कळते.