शब्द पाहिजे : हायड्रोजन ‘विरहित’ का ‘न्यून’?

रंकाळ्याकाठचा :
कॉलेजच्या प्रदर्शनाला पोस्टर करतोय. विषय असा की लई तापलेले श्वेत बटू (व्हाइट ड्वार्फ, म्हणजे म्हातारपणी आकसलेले तारे), ज्यांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रेषांत, हायड्रोजन दिसत नाही तसले, आणि बटू व्हायच्या आधीचे तारे. सर म्हणाले सगळं मराठीत पाहिजे. मी ‘हायड्रोजनविरहित श्वेत बटू व त्यांचे पूर्वज’ असं टाकलंय, चालंल का?

भावा_थांब :
बटू म्हटलं की मुंजीतलं पोरगं डोळ्यापुढं येतं आणि हा तर म्हातारा तारा, पण शब्द रुळलाय आता, राहू दे. ‘श्वेत’चं जास्त हसू येतं. सूर्य ५,८०० केल्विन आणि यातले पीजी ११५९ गटातले तारे ७५,००० ते २ लाख, बहुतेक उजेड अतिनील, उरलेला निळसर. पांढरं कुठाय त्यात?

वर्णपटवाली :
‘विरहित’ काढच. विरहित म्हणजे अजिबात नाही, आणि तसं छातीठोक सांगता येत नाही हीच तर या ताऱ्यांची गोम आहे. एवढ्या तापमानाला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटून गेलेला असतो म्हणून त्याच्या रेषा मुळात फिक्या, वर आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमची एकाआड एक रेषा नेमकी हायड्रोजनच्या रेषेला जवळजवळ चिकटून पडते, मग कुठली कुणाची ते ओळखायचं कसं? घोळ जुना आहे हा. १८९६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगना झीटा पपीस ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषांच्या अधेमधे नवीन रेषा दिसल्या आणि त्याही हायड्रोजनच्याच मानल्या गेल्या, १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरनी त्या हेलियमच्या ठरवल्या. (हा तारा आपल्याकडनं मार्चमध्ये रात्री दक्षिणेला दिसतो, अगस्त्याच्या पूर्वेला.) तर पीजी ११५९ ताऱ्यात वजनानं साधारण १० टक्क्यांच्या आत हायड्रोजन असला तर वर्णपटावरनं कळतच नाही. काहींत तो चक्क सापडलाय, त्यांना संकरित म्हणतात. म्हणून ‘हायड्रोजन-न्यून’.

तांबडा_पांढरा :
‘उणा’ का नको? न्यून म्हटलं की पत्रिका बघतोय असं वाटतं.
आणि हायड्रोजन गेला कुठं ते पण सांगा की, बहुतेक बटूंवर त्याचा पातळ थर असतोय म्हणं.

वर्णपटवाली :
‘उणा’ मलाही आवडेल, सर मान्य करतील का बघा.
हायड्रोजन जळाला. तारा राक्षसी (फुगून मोठा झालेली) अवस्था संपवून बटू व्हायला निघालेला असतो तेवढ्यात आतल्या हेलियमच्या थरात परत एकदा भडका उडतो, त्या खळबळीत वरचा हायड्रोजन आत ओढला जातो आणि जळतो, आतलं हेलियम, कार्बन, ऑक्सिजन वर येतं. ज्याच्यावरनं गटाला नाव पडलं त्या पीजी ११५९–०३५ ताऱ्यावर वजनानं निम्मा कार्बनच आहे. असला भडका माणसाच्या आयुष्यात बघायला मिळणं दुर्मिळ, पण १९९६ मध्ये साकुराई या जपानी हौशी निरीक्षकाला धनू राशीत एक मिळाला.

तांबडा_पांढरा :
म्हणजे डाव घालून रस्सा ढवळल्यावर कट खाली गेला आणि फोडी वर आल्या. कळलं.

भावा_थांब :
‘पूर्वज’ पण बदल रे. पूर्वज म्हणजे आजा-पणजा, वेगळी माणसं. इथं तोच तारा आहे. ‘पूर्वावस्था’ कर.
आणि एच १५०४+६५ या ताऱ्याचं काय करणार? त्यात हायड्रोजनही दिसत नाही आणि हेलियमही, नुसता कार्बन-ऑक्सिजन, २ लाख केल्विन. दोन्हीकडनं उणा गडी.

रंकाळ्याकाठचा :
‘हायड्रोजन-उणे श्वेत बटू आणि त्यांची पूर्वावस्था’ फायनल. शेवटचं एक, यातल्या एका वर्गाला ‘डीओ’ बटू म्हणतात त्यातला ओ ऑक्सिजनचाच न्हवं?

वर्णपटवाली :
न्हवं. साध्या ताऱ्यांच्या ओ, बी, ए वर्गातला ओ. ओ ताऱ्यांत आयनीभूत हेलियमच्या रेषा असतात, डीओमध्येही त्याच, गार होत गेला की साध्या (इलेक्ट्रॉन न गमावलेल्या) हेलियमच्या दिसतात, मग त्याचा वर्ग डीबी. पोस्टरवर ऑक्सिजन लिहिलं असशील तर खोड.