टॅलीत नोंदी करण्यासाठी एआय एजंटच्या हाती कीबोर्ड द्यावा का?

प्रश्न (लेखापाल, भोसरी)

नमस्कार. आमची सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि महिन्याला साधारण ४०० खरेदी बिले टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवावी लागतात. मालकांच्या मुलाने पडदा पाहून कळा दाबणारा एआय एजंट बसवला आहे. तो बिलाचा पीडीएफ वाचतो, एफ९ दाबून खरेदीचे व्हाउचर (व्यवहार नोंदवण्याचा पडदा) उघडतो, पुरवठादार, रक्कम आणि जीएसटी भरतो व कंट्रोल-ए दाबून नोंद पक्की करतो. टॅली मुळात कीबोर्डवरच चालत असल्याने काम सरळ होईल असे वाटले होते आणि पहिले तीन दिवस ते झालेही. चौथ्या दिवशी एका बिलाची रक्कम १५,८०० ऐवजी १८,५०० अशी जतन झालेली आढळली, आणि एजंटने ठेवलेल्या कामाच्या नोंदीत मात्र ‘रक्कम दुरुस्त केली’ असे लिहिलेले होते. हे कसे घडले असावे? त्याला कळा दाबण्याची मुभा ठेवावी की काढून घ्यावी?

उत्तर १ (टॅलीची कामे करणारा सल्लागार)

आपल्या वर्णनावरून मला दाट शंका कंट्रोल-एचीच येते. विंडोजमधील बहुतेक प्रोग्रॅममध्ये या जोडीचा अर्थ ‘सगळे निवडा’ असा असतो, आणि रकान्यातला जुना मजकूर पुसण्यासाठी आधी कंट्रोल-ए दाबून मग नवा मजकूर लिहिण्याची सवय या एजंटांना असते. टॅलीत त्याच जोडीने अख्खा पडदा स्वीकारला जातो. म्हणजे आपली चूक एजंटच्या लक्षात आली, ती पुसायला त्याने कंट्रोल-ए दाबले, चुकीचे व्हाउचर तत्क्षणी जतन झाले आणि बरोबर रक्कम पुढच्या कोऱ्या व्हाउचरच्या पहिल्या रकान्यात टाइप झाली. त्याच्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती झालेली होती, त्यामुळे त्याला खोटारडा म्हणता येणार नाही.

दुसरा धोका आवृत्तीचा आहे. टॅली ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीत क्रेडिट नोटसाठी कंट्रोल-एफ८ होते, टॅलीप्राइममध्ये ते ऑल्ट-एफ६ झाले आणि कंट्रोल-एफ८ ने आता विक्रीची ऑर्डर उघडते. इंटरनेटवर जुन्या कळांची कोष्टके अजून ढिगाने पडून आहेत आणि एजंट त्यांवरच शिकलेला असण्याचा संभव मोठा आहे.

माझे स्पष्ट मत असे की नोंदी लिहिण्यासाठी कळा वापरूच नयेत. टॅलीला सर्व्हर म्हणून चालू ठेवले की ते सामान्यतः ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडणीचे दार) एक्सएमएल, म्हणजे ठरावीक खुणांत मांडलेली माहिती, स्वीकारते. एजंटने बिल वाचून एक्सएमएल तयार करावे आणि एखाद्या साध्या प्रोग्रॅमने ते पाठवावे. लेजर (खाते) अस्तित्वात नसेल किंवा नावे-जमेचा मेळ बसत नसेल तर टॅली नोंद नाकारते, आणि किती नोंदी झाल्या व किती चुकल्या हे उत्तरात आकड्यांत सांगते. कळ दाबल्यावर असे उत्तर मिळत नाही. पडदा पाहून अंदाज बांधावा लागतो. रक्कमच चुकीची वाचली गेली असेल तर मात्र एक्सएमएलही ती मुकाट्याने घेईल, म्हणून दिवसाच्या एकूण बेरजेचा ताळा घेणे सोडू नये.

उत्तर २ (सनदी लेखापाल, नाशिक)

वरील उत्तराला पुरवणी म्हणून एकच मुद्दा मांडतो. आपली कंपनी असल्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा मागोवा राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. एजंट आपल्या लॉगइनमधून काम करत असेल, तर त्या १८,५०० च्या नोंदीपुढे आपले नाव आहे, आणि लेखापरीक्षक विचारतील तेव्हा ‘ते मी केले नाही’ हे आपण कशाच्या आधारे सांगणार? त्याच्यासाठी निराळा वापरकर्ता तयार करावा, त्याला फक्त नोंद करण्याची परवानगी द्यावी, आणि जुने व्हाउचर बदलण्याचे व खोडण्याचे अधिकार तसेच मागील तारखेची मुभा काढून घ्यावी.

उत्तर ३ (दूरस्थ नोंदणीचे काम करणारी)

एक्सएमएलचा सल्ला योग्य आहे, परंतु तो सर्वांना परवडणारा नाही. आमच्या काही ग्राहकांची टॅली त्यांच्याच सर्व्हरवर असते, आम्हाला केवळ रिमोट डेस्कटॉपचा पडदा मिळतो आणि पोर्ट उघडून मागितले की त्यांचा आयटीवाला नाही म्हणतो. तेथे कळांवाचून इलाज नसतो.

आम्हीही ठेच खाल्ली आहे. एजंट शेरा टाइप करत असताना मध्येच चॅटची खिडकी वर आली, उरलेली अक्षरे तिच्यात गेली, त्यामागोमाग एंटर गेले, आणि एका ग्राहकाला ‘बिल क्र. ४७१२ प्रमाणे माल’ एवढाच संदेश पोहोचला. दुसऱ्या ग्राहकाचे बिल असते तर प्रकरण अवघड झाले असते. तेव्हापासून त्या यंत्रावर टॅलीशिवाय काहीही उघडे ठेवत नाही आणि प्रत्येक रकान्यानंतर एजंटला पडदा पुन्हा वाचायला लावतो, विशेषतः पुरवठादाराच्या नावापाशी, कारण यादीत जे नाव ठळक झालेले असते तेच एंटरने घेतले जाते, मग टाइप काहीही केलेले असो. कंट्रोल-ए ही जोडी मात्र आम्ही त्याच्या प्रोग्रॅममधूनच अडवली आहे. भरलेले व्हाउचर तो तसेच उघडे ठेवतो आणि आमची मुलगी बिलाशी ताडून ते स्वतः स्वीकारते. एका बिलाला वीसेक सेकंद जातात.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आज मागील नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा आणखी दोन व्हाउचर तशीच अर्धवट दुरुस्त झालेली सापडली. निराळा वापरकर्ता आजच तयार केला आणि कंट्रोल-ए बंद करायला सांगितले आहे. एक्सएमएलची चाचणी आधी कंपनीच्या टॅलीतील हिशेबाच्या प्रतीवर करणार आहे. आमच्या खरेदीच्या व्हाउचरमध्ये टीडीएलने (टॅलीत बदल करण्याच्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेने) बसवून घेतलेले दोन जादा रकाने आहेत, ते एक्सएमएलमधून कसे भरावेत हे कोणी सांगू शकेल का?